परतवारी

आषाढी एकादशी होऊन चार दिवस झाले होते आणि रात्रीचे साडेनऊ वाजले तरी सूर्य मावळायचे नाव घेत नव्हता. स्टॉकहोममध्ये चिरंजीवांच्या घराच्या गॅलरीत मी मांडीवर पंचांग घेऊन बसलो होतो. नर्सीहून निघताना जे थोडके सामान मी स्वतःच्या हाताने भरले, त्यात एक पंचांग होते, ज्ञानेश्वरीची लहान प्रत होती आणि कयाधूच्या वाळूतली एक तांबूस गारगोटी होती. गारगोटी नातवासाठी. पंचांग माझ्यासाठी. पण त्या मुलखात पंचांगाचे काही चालत नाही. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावायचा हा आमच्या घरचा नेम. आता दिवेलागणच जर रात्री दहाला व्हायची, तर माणसाने जेवावे केव्हा आणि निजावे केव्हा? शेवटी सूनबाईंनीच तोड काढली. घड्याळात सात वाजले की दिवा लावायचा, बाहेर ऊन असो की काही असो. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मी लख्ख उन्हात सांजवात लावली आणि 'शुभं करोति' म्हटले. नातू म्हणाला, "आबा, दिवा दिसतच नाही." मी म्हटले, "देवाला दिसतो." पण मलाही तो दिसत नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

मी पंचांगात पाहत होतो ती आषाढ वद्य एकादशी. आमच्या नर्सीचा तो मोठा दिवस. नामदेवांचा जन्म १२७० साली नर्सीचा, अशी आमच्याकडची परंपरा. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातल्या या लहानशा गावाला आपण नामदेवांचे माहेर आहोत असा एक लडिवाळ अभिमान आहे. पंढरपूरची आषाढी झाली की वारकरी परत फिरतात आणि पंधरा दिवसांनी नर्सीला येऊन नामदेवांच्या पायाशी माथा टेकतात. याला परतवारी म्हणतात. ही केल्यावाचून वारी पुरी झाली असे आमच्या भागातले जुने लोक मानीत नाहीत. पंढरीला जायला काय, कोणीही जातो, आमची आजी म्हणे. परत येतो तो खरा. त्या दिवशी कयाधूच्या दोन्ही काठांवर माणूस मावत नाही. मी सत्तरीला आलो. एवढ्या वर्षांत परतवारी चुकली अशी ही पहिलीच खेप. मनाला ती एक चुटपूट लागून राहिली होती.

नातवाच्या मनात मात्र वेगळीच वारी चालू होती. तो आठ वर्षांचा. त्याच्या डोक्यात त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट होती: व्हायकिंग. घरात पुठ्ठ्याच्या ढाली, लाकडी तलवारी, भिंतीवर नावेचे चित्र. मी आलो त्या दुसऱ्याच दिवशी त्याने मला विचारले, "आबा, तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचे ना? मग व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं होती का नव्हती?"

मी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला. व्हायकिंगांना आमच्या अभ्यासक्रमात जेमतेम दोन ओळी. त्या दोन ओळींत रंग भरावा म्हणून मी दरवर्षी फळ्यावर एक शिंगवाला दरवडेखोर काढीत असे आणि पोरे खूश होत. तेव्हा मी ठासून म्हणालो, "होती." नातू खो खो हसला. शिंगे नव्हतीच. ती दिली एकोणिसाव्या शतकातल्या नाटकवाल्यांनी. १८७६ साली जर्मनीत वाग्नेरच्या संगीतिकेसाठी ज्याने पोशाख आखले, त्याने पात्रांच्या डोक्यावर शिंगे चढवली आणि जगाने ती खरी मानली. पस्तीस वर्षे म्हणजे किती विद्यार्थी, याचा मी मनाशी हिशेब केला आणि मुकाट्याने चहा घेतला. आता पाप धुवायला कुठे तरी जाणे भागच होते. "आपण संग्रहालयात जाऊ," नातू म्हणाला. चिरंजीवांना रजा होती. तेही म्हणाले, "चला अण्णा, जाऊन येऊ."

चिरंजीव आणि मी एवढे सरळ बोलतो, ते अशाच बाबतीत. त्याचे कारण पुढे येईल.

स्टॉकहोमचे इतिहास संग्रहालय नार्वावेगेन नावाच्या झाडांच्या रस्त्यावर आहे. भुयारी रेल्वेने कार्लाप्लान स्थानकावर उतरायचे आणि थोडे चालायचे. तिथे २०२१ पासून 'व्हायकिंगांचे जग' हे मोठे प्रदर्शन मांडले आहे. मी आपला तलवारींची आणि परशूंची दालने पाहायची तयारी करून गेलो होतो. पण आत शिरल्याबरोबर समोर काय, तर एका गावाची प्रतिकृती! लहान लहान घरे, धक्क्याला लागलेल्या नावा, कोंबड्या, वाळत घातलेली मासळी, भांडणारी माणसे. हे बिर्का. मेलारेन सरोवरातल्या एका बेटावर आठव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत नांदलेली बाजारपेठ. शिंगवाल्याच्या जागी एखादा आठवडी बाजार पाहायला मिळेल असे मला वाटले नव्हते. हिंगोलीच्या बाजाराची आठवण होऊन मी तिथेच बराच वेळ उभा राहिलो.

या बिर्काची एक गंमत आहे. १८७१ साली याल्मार स्टोल्पे नावाचा एक तरुण प्राणिशास्त्रज्ञ त्या बेटावर गेला तो अंबर शोधायला. अंबरात अडकलेले प्राचीन किडे त्याला हवे होते. किडे राहिले बाजूला आणि त्याच्या हाती लागले एक अख्खे गाव. मग गड्याने पुढची कितीतरी वर्षे हजाराहून अधिक थडगी उकरली. त्यातल्या एकात तलवार, परशू, बाण, दोन घोडे असा सरंजाम निघाला. तेव्हा हा कोणी मोठा सेनानी, असे साऱ्यांनी एकमताने ठरवले. २०१७ मध्ये हाडांची तपासणी झाली तेव्हा सेनानी बाई निघाली. हे ऐकून सूनबाईंनी आम्हा तिघा पुरुषांकडे जे पाहिले, ते इथे लिहिण्याजोगे नाही.

बाजूला एका पेटीत चांदीची अरबी नाणी होती. अशी नाणी त्या देशात ऐंशी हजारांवर सापडली आहेत. गॉटलंड बेटावर एका शेतात १९९९ साली चांदीचा सदुसष्ट किलोंचा साठा मिळाला. (त्याच वर्षी परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. आम्हाला चांदी मिळाली नाही, जिल्हा मिळाला.) ही नाणी तिथे आली कशी? लुटीने आली असतील, पण पुष्कळशी व्यापाराने. पश्चिमेकडे गेलेल्या व्हायकिंगांची कीर्ती मोठी. ते आइसलंडला गेले, ग्रीनलंडला गेले, कोलंबसाच्या पाचशे वर्षे आधी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. १०२१ साली त्यांनी न्यू फाउंडलंडमध्ये झाडे तोडली, हे लाकडातल्या वर्तुळांवरून आता पक्के ठरले आहे. पण स्वीडनमधले लोक गेले ते पूर्वेला. नद्यांनी. व्होल्गा, नीपर, जिथे नदी संपेल तिथे नाव ओंडक्यांवरून ओढत दुसऱ्या नदीत घालायची आणि पुढे निघायचे. कातडी, मध, तलवारी आणि गुलामही विकायचे, चांदी घेऊन घरी यायचे. गुलामांच्या बेड्याही तिथे मांडल्या आहेत. त्या नातवाने पाहिल्या आणि तो थोडा गप्प झाला. वीरांच्या गोष्टीत बेड्या कोणी सांगत नाही. या संग्रहालयाने त्या सांगितल्या, हे मला आवडले.

पूर्वेकडच्या या लोकांना अरब 'रूस' म्हणत. ९२२ साली बगदादचा दूत इब्न फदलान त्यांना व्होल्गाच्या काठी भेटला. त्यांची उंची आणि बांधा पाहून तो चकित झाला आणि सगळे एकाच घंगाळात तोंड धुतात हे पाहून त्याला शिसारी आली. आणखी एक अरब होता, अल मसूदी. याने आपल्या ग्रंथात रूस लोकांनी कॅस्पियन समुद्रावर घातलेल्या धाडीची हकीकत लिहिली आहे. आता मौज अशी, की हाच मसूदी ९१६ च्या सुमारास आपल्या कोकणात चौलला येऊन गेला होता! तिथल्या झंझ राजाचे नाव त्याने नोंदले आहे; तो शिलाहारांपैकी, राष्ट्रकूटांचा मांडलिक. म्हणजे चौलच्या बंदरात आपल्या माणसांचा पाहुणचार घेतलेल्या माणसाच्याच लेखणीने कॅस्पियनवरच्या या दांडग्यांची खबर जगाला दिली. हे मी नातवाला सांगितले, तेव्हा शिंगांच्या प्रकरणात गेलेली माझी अब्रू थोडीशी परत आली.

आणि मग ती पेटी.

पेटीत साडेआठ सेंटिमीटर उंचीची, माझ्या तळहातावर सहज मावेल अशी पितळी रंगाची मूर्ती. कमळावर मांडी घातलेले, डोळे मिटल्यासारखे, शांत. बुद्ध! मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. सहाव्या शतकाच्या सुमारास स्वात नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या उत्तर टोकाला, कोणा कारागिराने घडवलेली ही मूर्ती बिर्काच्या शेजारच्या हेल्गो बेटावर जमिनीत निघाली. तिच्याबरोबर आयर्लंडच्या एका धर्मगुरूच्या दंडाची मूठ होती आणि इजिप्तकडची एक पळी. मूर्तीच्या गळ्याला आणि हाताला चामड्याची वादी गुंडाळलेली होती. कोणी तरी ती ताइतासारखी टांगून बाळगली असली पाहिजे. ज्याने बाळगली त्याला हा कोण, हे ठाऊक होते काय? कोण जाणे. पण हा कोणी थोर आहे, एवढे त्या मुद्रेकडे पाहून त्याला नक्की कळले असेल. मूर्ती सापडली १९५६ साली. ज्या वर्षी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो लोकांना बुद्धाकडे परत नेले, त्याच वर्षी उत्तर ध्रुवाजवळच्या मातीतूनही तो वर आला. इतिहासाचा मास्तर असल्या योगायोगांना भाव देत नाही. पण मी हात जोडले. शेजारच्या एका गोऱ्या आजीबाईंनी ते पाहिले आणि त्या अदबीने जरा बाजूला सरकल्या.

पुढच्या पेटीत स्त्रियांच्या गळ्यातल्या माळा होत्या. काचेचे मणी, स्फटिकाचे मणी, आणि मधूनमधून तांबडे मणी. अकीक! नातवाने खिशात हात घातला आणि कयाधूतली गारगोटी बाहेर काढली. ती काही अकीक म्हणण्याच्या लायकीची नाही, साधी तांबूस गार आहे. पण त्याने ती काचेला लावून धरली आणि रंग ताडून पाहिला. "आबा, हे मणी नर्सीचे आहेत?" मी म्हटले, "नर्सीचे नाहीत रे. पूर्वेकडून आलेले आहेत." तो म्हणाला, "नर्सी पूर्वेलाच आहे ना?" यावर काय बोलणार?

त्याच दालनात शिडांची माहिती होती. ही शिडे लोकरीची असत. मेंढ्यांची लोकर काढायची, कातायची, विणायची. एका मोठ्या शिडाला घरच्या बायकांची वर्षे लागत. नाव बांधायला लागे त्याहून अधिक खटाटोप शिडाचा. सगळे पराक्रम पुरुषांच्या नावावर आणि सगळे वारे बायकांनी विणलेल्या कापडात! मी नातवाला नामदेवांची गोष्ट सांगितली होती, की ते शिंप्याच्या घरातले, पण पाय घरात ठरेनात. चालत चालत पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. म्हणून तर पंजाबातून माणसे नर्सीला येतात. नातू विचार करून म्हणाला, "नामदेवांनी शीड छान शिवलं असतं."

एका कोपऱ्यात गॉटलंडहून आणलेला एक उभा चित्रशिला होता. पुरुषभर उंच, वरून गोलसर. मी त्याच्यासमोर गेलो आणि माझे पाय जागीच थांबले. खालच्या भागात शिडाची नाव, तिच्यात माणसे. वरच्या भागात घोड्यावर बसलेला स्वार आणि त्याच्यासमोर पेयाने भरलेले शिंग पुढे करून उभी असलेली स्त्री. घोड्याला आठ पाय. तो ओडिन देवाचा घोडा. रणात पडलेला वीर देवाच्या महालात पोचतो आणि तिथे त्याचे स्वागत होते, असा या चित्राचा अर्थ लावतात.

आता हा दगड मी कुठे पाहिला होता? अहो, हा तर वीरगळ! आपल्या मराठवाड्यात गावोगाव पारापाशी, मारुतीच्या देवळामागे हे दगड उभे असतात. खाली लढणारा वीर, मध्ये त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. नावासुद्धा आहेत आपल्याकडे. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांवर वल्ह्यांच्या नावांची लढाई कोरली आहे. यादवांनी शिलाहारांना समुद्रावर हरवले त्या तेराव्या शतकातल्या लढाईची ती खूण, असे बरेच जाणकार मानतात. दोन माणसांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, एकाने दुसऱ्याची भाषा ऐकली नाही. आणि मेलेल्या पोराची गोष्ट दगडावर सांगायची वेळ आली तेव्हा दोघांनी ती खालून वर सांगितली.

आणि मला ती आठवली.

तिचे माहेर कयाधूच्याच काठचे, आमच्या पलीकडचे गाव. तिथे विहिरीपाशी एक लांबट काळा दगड आडवा पडलेला आहे. त्यावर साऱ्या गल्लीची धुणी होतात. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ती मला म्हणाली होती, "या दगडाच्या खालच्या अंगाला घोड्यावरचा माणूस आहे. लहानपणी आम्ही पोरी पालथं पडून, हात घालून त्याला चाचपायचो. मला त्याचं नाक लागायचं." मी त्या वेळी हसलो होतो. पुढे कित्येकदा सासुरवाडीला गेलो; पण दगड उलटून पाहावा असे या इतिहासाच्या मास्तराच्या एकदाही मनात आले नाही. स्टॉकहोमला जाऊन आठ पायांचा घोडा पाहिला तेव्हा आले.

मी चिरंजीवांना ते सांगायला तोंड उघडले आणि मिटले. तिचा विषय आमच्यात निघत नसे.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ती आजारी पडली तेव्हा सूनबाईंचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले ते मी तिला सांगितले नाही, पण तिला कळले. ती म्हणाली, "त्याला कळवू नका. येईल उठून धावत. पोर तिकडं परक्या मुलखात एकटी, पहिलटकरीण." मी कळवले नाही. रविवारी फोन आला की सांगायचो, ताप आहे, उतरेल. नातू झाला तो दिवस गुरुवारचा. शनिवारी पहाटे ती गेली. चिरंजीव पोचले तेव्हा राख कयाधूत गेलेली होती. दारात उभे राहून त्यांनी एवढेच विचारले, "अण्णा, मला का नाही सांगितलं?" आणि मी म्हणालो, "मला एवढं वाटलं नाही." हे खोटे होते. पण खरे सांगितले असते, तर पोराच्या प्रत्येक वाढदिवसाला बापाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असते? म्हटले, राग माझ्यावर राहू दे. तो राहिला. त्याने कधी वेडावाकडा शब्द काढला नाही. दर रविवारी न चुकता फोन. तब्येत कशी आहे, पाऊस कसा आहे, औषध संपलं का. आठ वर्षे पाऊस आणि औषध.

संग्रहालयातून निघताना नातवाने एका नकाशापुढे आम्हाला उभे केले. इंग्वार नावाचा एक सरदार १०४० च्या आसपास मोठा जमाव घेऊन पूर्वेला गेला, कॅस्पियनच्या बाजूला. बहुतेक कोणीच परत आले नाहीत. सागाकार सांगतात, की लढाईपेक्षा रोगराईने अधिक गेले. त्यांच्यासाठी घरच्यांनी उभारलेले पंचविसेक लेखशिळा स्वीडनमध्ये आहेत. त्यातला एक एका आईने आपल्या मुलासाठी उभा केला. तो ग्रिप्सहोमच्या किल्ल्यापाशी आहे, मोटारीने तासाभरावर. चिरंजीव म्हणाले, "रविवारी जाऊ."

गेलो. तळ्याच्या काठी लाल विटांचा, गोल बुरुजांचा किल्ला. गुस्ताव वासा राजाने १५३७ साली बांधायला घेतलेला. वाटेच्या कडेला गवतात दोन लेखशिळा उभे. त्यातला एक तोलाचा. तोला हे त्या आईचे नाव, हाराल्ड मुलाचे. नागमोडी पट्ट्यात तांबड्या रंगाने भरलेली अक्षरे. चिरंजीवांनी फलकावरचा अर्थ वाचून सांगितला: मुलगा सोन्यासाठी फार दूर गेला आणि दक्षिणेत, सर्कलंडात, म्हणजे मुसलमानांच्या मुलखात, मेला. मुलाचे प्रेत आले नसेल, खबरसुद्धा वर्षा-दोन वर्षांनी आली असेल. आईने दगड आणला, कोरणारा आणला, आणि त्याचे नाव घालताना आपलेही घातले.

पुढची गोष्ट अधिक चमत्कारिक. हा दगड सापडला तो १८२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, किल्ल्याच्या पूर्वेकडच्या बुरुजात तळघराचा उंबरा म्हणून बसवलेला. अंगावर डांबर माखलेले. म्हणजे किल्ला बांधताना कोणी तरी चांगला सपाट दगड दिसला म्हणून उचलला आणि उंबऱ्याला लावला. कित्येक वर्षे नोकरचाकर त्यावर पाय देऊन आत-बाहेर करीत होते.

नातू कळवळला. "आईच्या दगडावर पाय दिला?"

मी त्याला नामदेवांची पायरी सांगितली. पंढरपूरच्या महाद्वारात पहिली पायरी नामदेवांची. येणाऱ्या संतांचे पाय आपल्या माथ्याला लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली. पण लोक त्या पायरीवर पाय देत नाहीत, तिथे माथा टेकतात. नातवाने विचारले, "मग त्यांना पाय लागतच नाहीत?" हा प्रश्न साठ वर्षे पंढरीला जाऊन मला सुचला नव्हता. उत्तराची वाट न पाहता तो बदकांकडे पळाला. सूनबाई त्याच्यामागे गेल्या.

आम्ही दोघे बाकावर बसलो. समोर पाणी. मी म्हटले, "तुझ्या आईनंच सांगितलं होतं, कळवू नका म्हणून." एवढे साधे वाक्य, आठ वर्षे तोंडात धरून ठेवले होते.

तो दगडाकडे पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मावशीनं मला तेराव्यालाच सांगितलं होतं, अण्णा."

"मग बोलला नाहीस तो?"

"तुम्ही ते पोरासाठी अंगावर घेतलंय, हे कळत होतं. मग मी कशाला उघडं करू?"

आम्ही दोघेही पुष्कळ वेळ बोललो नाही. एक नाव किल्ल्याच्या धक्क्याला लागली, माणसे उतरली, नाव परत गेली. मग त्याने विचारले, "गुरुवारी मी फोन केला होता. तुम्ही म्हणालात, तिचा घसा बसलाय, नुसता कानाला लावतो. मी बोलत राहिलो. ह्याचं रडणंही ऐकवलं. तिला ऐकू गेलं होतं का?"

"गेलं होतं. फोन संपल्यावरसुद्धा ती अंथरुणावर हात आपटीत होती. मी विचारलं, काय हवंय? तर मान हलवली. मग माझ्या ध्यानात आलं, थोपटत होती. झोप लागेपर्यंत थोपटत होती."

त्याने चष्मा काढला. मी तळ्याकडे पाहत बसलो. मुलगा कितीही मोठा झाला तरी अशा वेळी बापाने दुसरीकडे पाहावे. मग नातू ओला होऊन आला, सूनबाईंनी दालचिनीच्या गोड पावांची पुडी सोडली, आणि मला एकदम आठवले की त्या दिवशी आषाढ वद्य एकादशी होती. नर्सीला या वेळी कयाधूकाठी टाळ-मृदंग चालू असतील. मी पाव तसाच पुडीत ठेवला आणि केळे मागितले. चिरंजीवांनी पाहिले आणि त्यांनीही पाव ठेवला.

भाद्रपदात मी परत आलो. आल्या आल्या पहिले काम केले ते पलीकडच्या गावी गेलो. सरपंचांना भेटलो, चार गडी घेतले, पहारी लावल्या आणि विहिरीवरचा तो दगड उलटवला. खालची बाजू चिखलाने भरली होती. घागरीमागून घागरी ओतल्या तसा तो हळूहळू दिसायला लागला: घोडा, स्वार, वर हातात माळा घेतलेल्या दोन अप्सरा, त्यावर पिंडी. स्वाराचे नाक गुळगुळीत झिजलेले. मी त्यावर बोट ठेवले आणि काही वेळ तसेच ठेवले. मग फोटो काढून नातवाला पाठवला. लगेच त्याचा फोन. "आबा, पाय किती?" मी म्हटले, "चार." तो जरा हिरमुसला. म्हणाला, "पुढच्या आषाढात आम्ही येणार आहोत, तेव्हा मी नीट मोजीन."

दगड आम्ही मारुतीच्या देवळाजवळ उभा केला. कोणी तरी हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला, सगळे खूश झाले. तेवढ्यात विहिरीकडून तीन-चार बाया घमेली काखेला मारून आल्या. त्यातली एक माझ्या बायकोच्या बरोबरीची, लहानपणची मैत्रीण. म्हणाली, "मास्तर, देव उभा केला ते बरं केलं. पण आता आम्ही धुणं आपटायचं कशावर?"

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीहून एक जाड शहाबादी फरशी आणून तिथे बसवून दिली. तिला उतार नीट नाही, पाणी साचते, अशी तक्रार अजून येते आहे.